पांढरं बोट

यंत्रातल्या बाईने तिसऱ्यांदा सांगितलं की बोट ओळखता आलं नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ जणांपैकी कुणीतरी घसा खाकरला. त्याने मागे वळून बघितलं नाही. हजेरीचं हे यंत्र कचेरीच्या दाराशी बसवल्यापासून तो त्याला मनातल्या मनात शिव्याच देत आला होता. अठ्ठावीस वर्षांत जो माणूस एक दिवस उशिरा आला नाही त्याने आपण आलो आहोत हे रोज सकाळी एका डबीला पटवून द्यायचं, म्हणजे हद्दच झाली. त्याने डाव्या हाताची तर्जनी पँटला खसाखसा पुसली आणि पुन्हा काचेवर टेकवली. डावी तर्जनी, कारण उजव्या हाताची बोटं इतक्यांदा मोडून इतक्या दिशांनी जुळली होती की यंत्र बसवणाऱ्या माणसाने ती बघून, "काका, यातलं सरळ कुठलं?" असं विचारलं होतं. बाईने चौथ्यांदा तेच सांगितलं, त्याच गोड आवाजात. शिपाई म्हणाला, "काका, जरा फुंकून बघा. गरम झालं की घेतं ते." तेव्हा त्याने बोट डोळ्यांसमोर धरलं. ते पांढरं होतं. फिकट नव्हे, पांढरं, खडूसारखं. आणि पांढरं कुठे संपतं नि हाताचा रंग कुठे सुरू होतो ती रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी स्पष्ट होती. त्याने ते अंगठ्याने दाबलं. अंगठ्याला बोट कळलं, बोटाला अंगठा कळला नाही. "यंत्र बिघडलंय," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

त्याचं काम वरच्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत. शहराच्या जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या नळांचे जुने नकाशे तिथे लोखंडी कपाटांच्या सपाट खणांत निजवून ठेवलेले होते. कुठे रस्ता खोदायचा झाला की खालचे इंजिनियर वर येत, "काका, जरा तो भाग काढा" म्हणत आणि नकाशा उलटा धरून मान डोलवत उभे राहत. कागद टिकावेत म्हणून खोली बारा महिने गार ठेवलेली असे. माणसं टिकावीत म्हणून काय करता, असं त्याने एकदा मोठ्या साहेबांना विचारलं होतं आणि साहेब हसले होते, कारण त्यांना तो विनोद वाटला. खुर्चीवर बसून त्याने डावा हात काखेत धरला. दोन हिवाळे हे चाललं होतं. बोट आधी पांढरं पडे, मग निळसर, मग लालभडक होऊन आग आग करी, आणि मग काही झालंच नाही अशा साळसूदपणे इतर बोटांच्या रांगेत जाऊन बसे. तीन आठवड्यांपूर्वी कागदाची कड लागून टोकाला बारीकशी चीर पडली होती, ती अजून मिटलेली नव्हती. यावर त्याचा उपाय ठरलेला होता. दार लोटून घ्यायचं आणि डावा तळवा कपाटाच्या कडेवर हाणायचा, झिणझिण्या येईपर्यंत. मार बसला की रक्त धावत येतं, असं त्याला क्रिकेट शिकवणारे मास्तर म्हणत. आज त्याने पंचवीस मोजले. खाली इंजिनियरांना वाटलं असेल, वर काहीतरी दुरुस्ती चाललीय.

मास्तरांचा तळवा त्याला अजून दिसायचा. फाटक्या बुटाच्या तळासारखा, रेषा पुसून गेलेला. मास्तर कीपर होते, आणि जगात त्यांच्या लेखी दोनच जाती होत्या, कीपर आणि उरलेले. उरलेल्यांमध्ये बॅट्समन सगळ्यांत खालचे. हातात लाकूड, पायांना गाद्या, डोक्यावर टोपडं, आणि एवढं सगळं घालून शेवटी चुकायचं ते चुकतातच. त्यांनी सोडलेला प्रत्येक बॉल मागे बसून घेतो तो कीपर, आणि टाळ्या कुणाला, तर त्यांना. तो बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा मास्तरांसमोर उभा राहिला, तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेले नवे ग्लोव्हज त्याच्या हातात होते आणि त्यांच्या आत इनर होते, कीपरच्या मोठ्या ग्लोव्हजमध्ये घालायचे ते पातळ सुती हातमोजे. मास्तरांनी इनर काढून घेतले, खिशातून कात्री काढली आणि इनरची दहाही बोटं एकेक करून छाटली, मग तळवेही. पोरं हसत होती. "उशीवर डोकं ठेवायचं, हात नाही," मास्तर म्हणाले. "बॉल काय म्हणतो ते हाताला ऐकू आलं पाहिजे." त्या दिवशी संध्याकाळी त्याला पाण्याचा पेला धरता आला नव्हता, आणि आपण उरलेल्यांमधून उठून या बाजूला आलो या आनंदात त्याला रडू आवरलं नव्हतं. पुढे मास्तर गेले. त्यांची कात्री त्याच्याकडे आली, आणि मैदानाच्या कोपऱ्यातला कीपरांचा वर्गही. रोज सकाळी कचेरीआधी दोन तास. नवं पोर आलं की पहिल्या दिवशी इनर काढायचे, सगळ्यांसमोर कापायचे. शहरातले बाकीचे कोच याला रानटीपणा म्हणत. म्हणू देत. एकाही कोचला ग्लोव्हजमध्ये पडणाऱ्या बॉलचा आवाज कळत नव्हता. इनर घातलेल्या हातात बॉल 'भप्प' वाजतो, उशीवर बुक्का मारल्यासारखा. उघड्या तळव्याच्या ग्लोव्हजमध्ये 'टप्' वाजतो, कोरडा आणि खरा. शंभर पावलांवरून डोळे मिटून सांगेन कुणी घातलेत, असं तो म्हणे. गेली दहा वर्षं त्याच्या वर्गातून एकदाही भप्प ऐकू आलं नव्हतं. त्याच्या लेखी आयुष्यात कमावलेलं काही असेल तर ते एवढंच होतं.

डॉक्टरकडे तो गेला तो बोटासाठी नव्हे. मोठ्या साहेबांनी सांगितलं की यंत्राऐवजी रजिस्टरात सही करायची तर डॉक्टरचं पत्र लागेल. म्हणजे बिघडलं यंत्र आणि आजारी ठरवायचं माणसाला. डॉक्टर म्हणजे एक पोरगीच निघाली, लहानशा मऊ हातांची, त्या हातांनी आयुष्यात कधी साधा चेंडूही अडवला नसेल. विड्या ओढता का, तिने विचारलं. नाही. साखरेचा त्रास? नाही. हातोडा चालवता, करवत, गाड्यांची दुरुस्ती? नाही, नाही, नाही. मग तिने त्याचा तळवा उताणा करून करंगळीच्या खालचा मांसल भाग दाबला आणि तो किंचित आखडला.

"खेळता काही?"

"कीपर होतो. अजून शिकवतो."

"म्हणजे हातावर बॉल झेलता."

"झेलतात ते फिल्डर," तो म्हणाला. "कीपर घेतो."

"किती घेतले असतील?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. रोजचे दोन-तीनशे, चाळीस वर्षं. तो आकडा उच्चारताना त्याचा आवाज नकळत फुगला. डॉक्टरीणबाईंवर काही परिणाम झाला नाही. तिने त्याच्या मनगटावर दोन्ही बाजूंनी आपले दोन अंगठे दाबून ठेवले. "मूठ वळा. सोडा. पुन्हा. आता हात सैल उघडा." तळवा पांढरा झाला होता. "हाताला रक्त आणणाऱ्या दोन वाहिन्या आहेत, मी दोन्ही दाबल्यात. आता करंगळीच्या बाजूची सोडते. पाच-सहा आकड्यांत तळवा लाल व्हायला हवा." तिने अंगठा उचलला आणि मोजायला लागली. सहा झाले. दहा झाले. तो आपल्या तळव्याकडे बघत होता, आणि तळवा एखाद्या मठ्ठ पोरासारखा काही न करता पडून होता. पंधराला तिने दुसराही अंगठा उचलला, तेव्हा कुठे अंगठ्याच्या बाजूने रंग रांगत रांगत आला. तर्जनीपर्यंत तो पोचलाच नाही. ती सांगत होती, तळव्यात रक्ताची एक कमान असते, तिला करंगळीकडून भरणारी वाहिनी मार खाऊन खाऊन बंद झाली आहे, आत गुठळी असणार, बोटाकडे जाणाऱ्या फांद्याही गेल्यात. त्याला ते पहिल्याच वाक्यात समजलं होतं. मोठा नळ बुजला की वस्तीला आडवाटेच्या नळाने काही दिवस पाणी मिळतं, आणि टोकाच्या घराला मिळत नाही. असे नकाशे त्याने हजारदा काढून दिले होते. पण समजल्याचं दाखवायची त्याची तयारी नव्हती.

"मार बसला की रक्त येतं," तो म्हणाला. "मी रोज हात आपटतो. बरं वाटतं."

तिने त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. वाईट फटका मारून बाद होणाऱ्या बॅट्समनकडे तो स्टंपांमागून याच नजरेने बघत आला होता. "ते बंद करा, आजपासून," ती म्हणाली. "नाहीतर टोक काळं पडेल आणि कापावं लागेल. आणि शिकवता त्या मुलांना आत जाड काहीतरी घालायला लावा. हे तुमच्या एकट्यापुरतं नसतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत त्याने पत्र घडी करून खिशात घातलं. पायऱ्या उतरताना त्याला डॉक्टरीणबाईंचा राग आला, मग साहेबांचा, मग यंत्राचा. राग असला की त्याला बरं वाटे, आत दुसरं काही शिरायला जागा राहत नसे. पण फाटकाशी येईपर्यंत तिचं शेवटचं वाक्य आत शिरलंच. तुमच्या एकट्यापुरतं नसतं.

लेकीची निवड चाचणी शनिवारी होती आणि आज सोमवार. एकवीस वर्षांची त्याची एकुलती एक लेक, तिच्याइतके शांत हात त्याने मास्तरांनंतर कुणाचे पाहिले नव्हते. आणि ते हात त्याने घडवले होते, हे तो स्वतः कुणाला सांगत नसे, लोकांनी सांगावं म्हणून मात्र उभा राहत असे. ती अकरा वर्षांची असताना मैदानावर पहिल्यांदा आली. बापाची पोर म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने तिचे इनर सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत सावकाश कापले होते. तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. घरी आल्यावर बायकोने कापलेले तुकडे उचलून बघितले होते आणि त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तिलाही उरलेल्यांमध्ये टाकून तो मोकळा झाला होता. आता आठवायला बसल्यावर एकेक गोष्ट समोर येऊ लागली. लेक चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसते. पोरींचे नखरे, असं तो समजत आला होता. मैदानावरून आली की न्हाणीघराचं दार लावून अर्धा अर्धा तास आत असते, आणि बाहेर येते तेव्हा बादलीतल्या कोमट पाण्याची वाफ मागे रेंगाळत असते. आरशापुढे वेळ काढत असेल, असं त्याला वाटे. कोमट पाण्यात हात कशासाठी बुडवतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन हिवाळे तो कचेरीच्या मोरीत नळ सोडून तेच करत आला होता, कुणाला कळू न देता. तक्रार करायची नाही हे त्यानेच तिला शिकवलं होतं. खाण तशी माती.

त्या रात्रीच्या जेवणात आणि मंगळवारी आणि बुधवारी त्याला सारखा लोण्या आठवत राहिला. लोण्या हे नाव त्यानेच ठेवलेलं, कौतुकाने, कारण त्या पोराच्या हातात बॉल लोण्यात बोट शिरावं तसा शिरायचा. लेकीच्या आधीचा त्याचा सगळ्यांत चांगला विद्यार्थी. पंधरा वर्षांचा होता. एका थंडीत तो वर्ग संपल्यावर मागे थांबला, डाव्या हाताचं बोट पुढे धरलं आणि म्हणाला, "सर, हे पांढरं पडतं. रात्री ठणकतं." त्याने त्या बोटाकडे नीट बघितलंही नव्हतं. "भिंतीवर दोनशे मार, उघड्या तळव्याने," तो म्हणाला होता. "मार बसला की रक्त येतं." पोराने मारले. दुसऱ्या दिवशीही मारले, डोळे पुसत मारले, आणि बाकीच्यांना तो म्हणाला होता, बघा, लोण्या तो लोण्याच. तेव्हा ते नाव कौतुकाचं राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी पोरगं यायचं बंद झालं. मऊ होता, गेला. मग चार वर्षांपूर्वी लेकीसाठी बूट घ्यायला तो बाजारातल्या एका दुकानात शिरला, तर एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून लोण्या बुटाच्या नाड्या बांधत होता. डाव्या तर्जनीला नखापासून पुढे काही नव्हतं. उरलेल्या बोटांनी तो सफाईने गाठ मारत होता. त्याने वर बघायच्या आत हा बाहेर पडला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की दुकान महाग आहे. कुठल्याशा यंत्रात गेलं असेल बोट, पोरं धांदरट असतात, असं त्याने स्वतःला सांगून टाकलं होतं, आणि ते इतकी वर्षं पुरलं होतं.

हात कसा तपासायचा ते एकदा बघून त्याला पाठ झालं होतं. बोलरचा हात एकदा बघितला की कीपरला पाठ होतो तसं. फक्त स्वतःवर ते करता येत नाही, दोन्ही अंगठे दुसऱ्याच्या मनगटावर लागतात. बुधवारी त्याने शिपायाला नकाशांच्या खोलीत बोलावून त्याचा हात धरला. शिपायाला वाटलं काका भविष्य बघतात. "लग्नाचं बघा," तो म्हणाला. चार आकड्यांत त्याचा तळवा लाल झाला. आयुष्यात फायलींपेक्षा जड काही न उचललेला तळवा, होणारच लाल. शिपाई गेल्यावर सवयीने त्याचा हात कपाटाच्या कडेकडे गेला, आणि हवेतच थांबला. सकाळी लेकीला बॉल देताना तो रोज दहा पावलांवरून बॅटने कट मारायचा आणि ती घ्यायची. टप्. टप्. टप्. ज्या आवाजावर तो दहा वर्षं जगला तो आवाज त्याला आता ऐकवेना. प्रत्येक टप् म्हणजे आत कुठेतरी एक नळ बुजतोय. गुरुवारी त्याने साठ बॉल देऊन थांबवलं. ती म्हणाली, "एवढेच?" तो म्हणाला, "शनिवार आहे. हात ताजे ठेव." तिने चमकून त्याच्याकडे बघितलं. हात ताजे ठेवणं ही उरलेल्यांची भाषा होती. सांगायचं की नाही, हे चार दिवस त्याला ठरवता येत नव्हतं. सांगितलं तर शनिवार गेला, आणि नाही सांगितलं तर बोट. त्याला भीती वाटत होती. ही साधी गोष्ट कबूल करायला त्याला गुरुवारची संध्याकाळ व्हावी लागली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी निवडत बसली होती. लेक न्हाणीघरातून आली, हात ओले, बोटांची टोकं सुरकुतलेली.

"इकडे ये," तो म्हणाला. "हात दे."

"काय झालं, बाबा?"

"दे म्हटलं ना."

तिचं मनगट त्याच्या आठवणीपेक्षा बारीक होतं. त्याने दोन्ही अंगठे दाबले. मूठ वळ, सोड, पुन्हा वळ, उघड. तळवा पांढरा पडला. बायकोचं निवडणं थांबलं होतं. त्याने करंगळीच्या बाजूचा अंगठा उचलला आणि मोठ्याने मोजू लागला, कारण मनात मोजायचा धीर त्याला नव्हता. एक. दोन. तीनला रंग आला. रांगत नव्हे, भस्सकन आला, तळव्यावर, पाची बोटांवर, टोकापर्यंत. त्याने दुसरा हात घेतला. तीन. पुन्हा पहिला. तीन. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो हसला, आणि हसता हसता त्याच्यात जुना माणूस परत आला. हा काय तळवा होता! दहा वर्षं बिनइनरचा, हजारो बॉल घेतलेला, आणि शिपायापेक्षा लाल. म्हणजे त्या डॉक्टर पोरीला काहीएक कळत नव्हतं. म्हणजे मास्तर खरे होते. म्हणजे लोण्या मऊच होता. सगळं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसलं. तो उठून येरझारा घालू लागला आणि चार दिवस पोटात ठेवलेलं सगळं त्याने सांगून टाकलं, बोट, यंत्र, डॉक्टरीण, तिचे पंधरा आकडे. "तिला तुझा हात नेऊन दाखवतो," तो म्हणाला. "म्हणे मुलांना जाड घालायला लावा. उद्यापासून वर्गातल्या चौदाही पोरांना भिंतीवर शंभर शंभर. आणि मीही मारणार. काळं पडतं म्हणे!" असं म्हणून त्याने डावा तळवा दाराच्या चौकटीवर सणसणीत हाणला, एकदा, आणि पुन्हा हाणायला हात मागे नेला.

लेकीने तो हात मागच्या मागे धरला. ती आईकडे बघत होती. आईने मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते त्याला कळलं नाही. मग लेक न्हाणीघरात गेली आणि दोन ओल्या, पिळलेल्या, पांढरट वस्तू घेऊन आली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवल्या. इनर होते. घरी शिवलेले, बोटांच्या शिवणी बारीक आणि सरळ, तळव्याला कापडाचे तीन पदर.

"रोज धुते," ती म्हणाली. "कोमट पाण्यात. नाहीतर वास येतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तुम्ही कापलेत त्याच संध्याकाळी शिवायला घेतले मी," बायको दारातून म्हणाली. "तुमच्या जुन्या बनियनचे. दरवर्षी माप वाढलं की नवे."

"खोटं," तो म्हणाला. "मला ऐकू आलं असतं. भप्प वाजलं असतं."

"कोरडे घातले तर वाजतं," लेक हळूच म्हणाली, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी. "ओले करून, पिळून घातले की नाही वाजत. टप् वाजतं. आम्ही बघितलं होतं ना करून. आई जिन्यात उभी राहून बॉल टाकायची आणि मी घ्यायचे, वाजेनासं होईपर्यंत."

तो खाली बसला. शंभर पावलांवरून डोळे मिटून सांगेन, असं त्याने ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते सगळे चेहरे एकेक करून त्याच्यासमोरून गेले. तुच्छ मानायला त्याने नेहमीसारखं कुणीतरी शोधलं. डॉक्टरीणबाई चालत नव्हत्या, बायको चालत नव्हती, लेक तर नाहीच. शोधत शोधत तो स्वतःपाशी आला, आणि तिथे त्याला हवं ते भरपूर सापडलं. आणि तरीही तिचा तळवा तीनला लाल झाला होता, आणि हे आपलं ऐकलं नाही म्हणून झालं, याचा आनंद त्याला इतका झाला होता की लाज वाटण्याइतकी जागा मोठ्या मुश्किलीने उरली होती.

"बाकीची पोरं?" त्याने विचारलं.

"सगळी घालतात. कुणी नवीन आलं की मी सांगते, सर कापेपर्यंत गप्प राहा, मग दुसरे आणा आणि ओले करा."

"सगळी."

लेकीने टेबलावरचे इनर उचलून पुन्हा पिळले. मग म्हणाली, "लोण्यादादा सोडून. त्याला आईने एक जोड दिला होता. तो म्हणाला, सर नको म्हणालेत ना, मग नको. सरांना फसवायचं नाही."

बायको उठून आत गेली होती. कपाट उघडल्याचा, काहीतरी उपसल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेला एक जोड होता, मोठ्या मापाचा, घडीवर पिवळा पडलेला. "तुमचे," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली शिवून. मागितले असतेत तर दिले असते." त्याने एक घेतला आणि डाव्या हातात चढवला. चार बोटांना कापड कळलं, मऊ, अंगावर झिजलेलं, त्याचंच. तर्जनीला काही कळलं नाही. तो हात त्याने तसाच मांडीवर ठेवला.

"उद्या कचेरीतून येताना बुटांच्या दुकानात जायचंय," मग तो म्हणाला. "तू येशील का?"

"माझे बूट आहेत, बाबा. चांगले आहेत."

"तुला नाही. मला घ्यायचेत," तो म्हणाला. "तिथे तो पायाशी बसून घालून देतो."

लेक म्हणाली, येते.